रियासतीचा कागद

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुण्यात आमच्या बैठकीच्या खोलीत बसून माझ्या वडिलांना म्हणाले होते, "मुलगा चिडका आहे. मीही आहे. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. नीट विचार करून कळवा." आत पोह्यांवर खोबरं घालता घालता आईनं कपाळाला हात लावला. वडिलांना मात्र माणूस भलताच आवडला. स्वतःच्या पोराबद्दल इतकं खरं सांगणारा माणूस आपल्या मुलीला फसवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी मी भोपाळला आले.

तो खरेपणा पुढे पंचवीस वर्षं माझ्या डोक्यावर बसला. नको असलेलं कुणी दारात आलं आणि मी आतून खुणेनं 'घरात नाही म्हणा' सांगितलं, की मामंजी दारातूनच विचारायचे, "सूनबाई, तू घरात असून नाही असं कसं सांगू?" झालं. मग तोंड हसरं करून मला बाहेर यावं लागायचं. शेजारच्या वहिनींनी कढी पाठवली आणि कशी झाली म्हणून विचारलं, तर मामंजी सांगायचे, की पातळ झाली आणि ताक आंबट होतं. त्या वहिनी पुढचे चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मी चिडायचे, भांडी आपटायचे. त्यांच्यावर ढिम्म परिणाम व्हायचा नाही.

खरं म्हणजे त्यांचं पोटच त्या खरेपणावर चाललं होतं. राज्याची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून कचेऱ्या हलल्या, आणि कचेऱ्यांबरोबर मामंजीही आले, विशीतले कारकून. त्यांना टाकलं जुन्या दप्तरखान्यात. भोपाळ ही एके काळची स्वतंत्र रियासत. देश स्वतंत्र झाल्यावरही जवळजवळ दोन वर्षं ती भारतात सामील झाली नव्हती. त्या रियासतीचे सगळे कागद उर्दूत, तेही पळत्या हाताच्या, अक्षरात अक्षर अडकलेल्या लिपीत, तिला शिकस्ता म्हणतात. नागपूरच्या मुलाला त्यातलं ओ की ठो कळेना. शेवटी दप्तरखान्यातले एक म्हातारे मुन्शीजी होते, त्यांच्यापुढे रोज डबा खाऊन झाल्यावर बसून मामंजींनी ती लिपी शिकून घेतली. पाच वर्षं लागली म्हणे. मुन्शीजी गेल्यावर ते कागद वाचणारे मामंजी एकटे उरले.

निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना सोडेनात. आम्ही अयोध्या नगरला राहायला आलो, तिथून जुनं शहर चांगलं लांब, तरी रिक्षा करून माणसं यायची. कुणाच्या आजोबांचा निकाहनामा, कुणाच्या विहिरीचा हुकूम, कुणाची सनद. सनद म्हणजे सरकारनं घर किंवा जमीन बहाल केल्याचा कागद, त्यामुळे ती निघावी अशी प्रत्येकाचीच इच्छा असायची. शहरात ते अक्षर वाचणारे आणखी दोघे-चौघे असतील, पण भांडण असलं की दोन्ही बाजू आमच्याकडेच यायच्या. 'मराठी बाबूजी' कुणाचे सगे नाहीत, कुणाचे वैरी नाहीत, जे आहे ते वाचतात. मामंजी कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. चहा मीच करायचा.

मग त्यांची नजर गेली. डोळ्याचा पडदा आतून खराब झाला, डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. समोरचं मधलं सगळं धूसर, कडेचं तेवढं दिसायचं. माणूस बघायचा तर तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. बारीक अक्षर संपलंच. लोकांना 'आता जमत नाही' म्हणून सांगावं लागे. मला वाईट वाटायचं, पण मी ते कधी बोलले नाही. आमच्या घरात वाईट वाटल्याचं बोलायची पद्धत नव्हती.

अशात एक दिवस सकाळी फूफी आल्या.

फूफी म्हणजे आत्या. बरोबर त्यांचा भाचा होता, चाळिशीतला, मोबाईलचं दुकान चालवणारा. तो त्यांना फूफी म्हणत होता, म्हणून मीही फूफी म्हणू लागले. बाई ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, पण ओढणी कशी चापूनचोपून. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी कमरेचा बटवा काढला, मणी भरलेला, रेशमी दोऱ्यांनी ओढायचा, भोपाळच्या बायका ठेवतात तसला. त्यातून अडकित्त्यानं कातरलेली सुपारी मला दिली, आणि सुपारीच्याही खालून एक चौपट घडी घातलेला पिवळा कागद काढला. कोपऱ्यात गोल मोहोर होती.

बोलणं सगळं हिंदीत चाललं होतं, मी आपल्या भाषेत सांगते. फूफी लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या, त्या तिथेच राहिल्या. तळ्याजवळचं जुनं घर, वरच्या मजल्यावर एक खोली, खिडकीतून पाणी दिसतं. भाऊ गेले, भावजया गेल्या, आता घर भाच्याच्या ताब्यात. त्याला ते विकून नव्या वसाहतीत फ्लॅट घ्यायचा होता. फूफींनाही तो बरोबर नेणार होता, टाकून देणारा नव्हता. पण फूफींना जायचं नव्हतं. त्या चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली होती. आईचा चेहरा आठवत नाही, फोटो नाही. आईची म्हणून एवढीच एक वस्तू, हा बटवा, आणि त्यातला हा कागद. घरात पूर्वीपासून म्हणत आले होते, की ही सनद आहे, सरकारनं ते घर फूफींच्या आईच्या नावानं दिलं होतं. तसं असेल तर खोली फूफींची.

"बाबूजी जे वाचतील ते मी मानेन," भाचा म्हणाला. त्याला स्वतःला उर्दू वाचता येत नव्हतं, शाळा हिंदीतून झालेली. "सनद निघाली तर विकायचं नाव काढणार नाही. नाही निघाली तर फूफीनं हट्ट सोडायचा. असं ठरवून आलोय."

फूफी नुसतं म्हणाल्या, "मुझे उसी कमरे से जाना है, बेटा." मरायचं म्हणत होत्या.

'डोळे गेले, जमत नाही' असं मामंजी सांगणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "सूनबाई, रांगोळी आण."

मला वाटलं, डोकं फिरलं. पण त्यांनी विचार केला होता. आमच्या अंगणात काळी फरशी आहे, तिथं मी रोज सकाळी रांगोळी काढते, ती हात-हातभर मोठी असली तर त्यांना कडेनं दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. कागदावरची एकेक ओळ मी फरशीवर मोठी करून काढायची, ते वाचणार, मग पुसून पुढची. "तुला वाचायचं नाही. जसं दिसतं तसं काढ," म्हणाले.

मी पदर खोचला आणि बसले. सवयीनं डावीकडून सुरुवात केली, ती उजवीकडे भिंतीला जाऊन आपटली, शेवटचं अक्षर मावेना. पुन्हा पुसून उजवीकडून काढली. छान वळणदार आली. मामंजी मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ठिपके कुठे गेले?"

"ठिपके कशाला?" मी म्हटलं. आमच्या रांगोळीत ठिपके आधी मांडायचे, त्यांच्या आधारानं रेघा ओढायच्या, आणि एकदा नक्षी उमटली की ठिपक्यांकडे कोण बघतं? मला वाटलं, कागदावरचेही तसेच, लिहिणाऱ्यानं आधाराला घातलेले. मी ते सरळ गाळले होते.

"अगं, ठिपके नसले तर हे अक्षर नाही, नुसता वाकडा दोरा आहे," मामंजी म्हणाले, आणि चक्क हसले. फूफीही हसल्या. भाच्यानं मोबाईलमधून डोकं वर काढलं. मी तिसऱ्यांदा बसले.

सात ओळी होत्या. दुसऱ्या ओळीपर्यंत मामंजी मान डोलावत होते. तिसरी ओळ बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. मी पंचवीस वर्षं तो चेहरा बघत होते, मला कळलं. फूफी आत चहा पीत होत्या. त्यांना चहात मिठाची चिमूट लागते, ती त्यांनी मला न विचारता माझ्याही कपात टाकली होती. मी हळूच मराठीत विचारलं, "नाही ना सनद?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. "त्या पोराला कुठे वाचता येतंय? म्हातारी बाई, आज आहे, उद्या नाही. तुमचं काय जातंय मामंजी, एका खोलीसाठी?"

काय भडकले. आवाज खालीच, पण एकेक शब्द दातात धरून. "कागदावर नाही ते मी वाचायचं? साठ वर्षांत एकदा वाचलं नाही. तू पुढची ओळ काढ."

मला इतका राग आला, की रांगोळीची चिमूट नीट धरवेना. ज्या शहरात ओळीनं चार बेगमांनी राज्य केलं, शंभर वर्षं बायकांचं राज्य, तिथं एका बाईला खिडकीची एक खोली मिळू नये, आणि आमच्या या हरिश्चंद्राला त्याचं काही वाटू नये. मी चौथी ओळ काढली, पाचवी काढली. मामंजी आता ओळींकडे कमी बघत होते. मध्येच त्यांनी फूफींना बाहेर बोलावलं आणि काहीबाही विचारत बसले. वडील काय करायचे? रियासतीच्या तबेल्यात होते, फूफी म्हणाल्या. आई? आई बटवे करायची, मण्यांचं काम. कुठे बसून करायची? त्या खिडकीतच, उजेड चांगला म्हणून, असं थोरल्या बहिणीनं सांगितलेलं. आईचं नाव काय? फूफींनी सांगितलं. म्हातारी माणसं बसली की अशाच गप्पा मारतात, असं मला वाटलं. मी घुश्शात सातवी ओळ पूर्ण केली.

मामंजींनी काठी टेकली आणि उभे राहिले. कोर्टात राहावं तसे.

"ही सनद नाही," ते भाच्याला म्हणाले. "घराचा यात काही संबंध नाही. या कागदावर तुझ्या फूफीचा काही हक्क लागत नाही."

फूफींनी ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं. रडल्या नाहीत. भाच्यानं मान खाली घातली, त्यालाही बरं वाटलेलं दिसलं नाही.

"पण कागद काय आहे ते ऐकून घ्या," मामंजी म्हणाले. "हे बक्षिसाचं पत्र आहे. रियासतीत बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात सगळ्यात चांगला बटवा तुमच्या आईचा ठरला. लिहिलंय, या बाईनं तळ्यासमोरच्या आपल्या खिडकीत बसून, लहान मुलीला मांडीवर घेऊन हे काम केलं, आणि असं बारीक काम सरकारच्या पाहण्यात दुसरं नाही. खाली मोहोर. आणि हे तुमच्या आईचं नाव." त्यांनी काठीच्या टोकानं सातव्या ओळीतला एक शब्द दाखवला.

मग फूफींनी विचारलं, "लहान मुलगी म्हणजे मी?"

"तुम्हीच असणार," मामंजी म्हणाले.

त्या खाली बसल्या. ऐंशी वर्षांची बाई फरशीवर बसली आणि त्या शब्दाच्या कडेकडेनं, न पुसता, बोट फिरवत राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली, रांगोळीच्या हातानंच पुसले आणि मग दिवसभर डोळे चुरचुरले. भाचा म्हणाला, "बाबूजी, एकदा परत वाचता?" मामंजींनी परत वाचलं. त्यानं मोबाईलवर ते भरून घेतलं. फूफींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विनवलं, एवढं नाव काढून दे, मी गिरवीन. मी मामंजींकडे बघितलं. "दे," ते म्हणाले. कॅलेंडरच्या पानामागे मी स्केचपेननं काढून दिलं: उजवीकडे एक वळण, त्याच्या पोटाखाली तीन ठिपके, मग उभी काठी, मग छोटासा कोयता, शेवटी एक गोल. या वेळी ठिपके विसरले नाही.

ते गेल्यावर मामंजी म्हणाले, "फरशी धुऊन टाक. पाणी घालून." त्या संध्याकाळी देवापाशी ते फार वेळ उभे होते. मी जेवायला दोनदा हाक मारली. मला वाटलं, बाईची खोली गेली म्हणून वाईट वाटतंय, आणि मनात म्हटलं, वाटू दे. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आज त्याची मला लाज वाटते.

नंतर कानावर आलं, की भाच्यानं घर विकलं नाही. मला नवल वाटलं, पण विचारायला कोण जातंय.

दोन वर्षांनी मामंजी गेले. शांतपणे, खुर्चीत. तेराव्यानंतर भाचा भेटायला आला. चहा झाला तरी उठेना. मग माझे यजमान आत गेलेले बघून म्हणाला, "भाभी, एक बात बतानी थी."

त्या दिवसानंतर महिन्याभरात त्यानं तो कागद फ्रेम करायला नेला होता. फ्रेमवाल्याचे म्हातारे वडील कातिब होते, म्हणजे हातानं मजकूर लिहिण्याचा पेशा करणारे. त्यांनी कागद सहज हातात घेतला, वाचला आणि हसू लागले. तो तबेल्याचा हुकूम होता. दोन घोड्यांना ओला चारा बंद करून सुका चारा द्यावा, एवढंच. फूफींच्या आईनं सुपारी गुंडाळायला नवऱ्याच्या कामाचा एखादा रद्दी कागद घेतला असणार.

"आणि नाव?" मी विचारलं.

"चारा," तो म्हणाला. "ते 'चारा' लिहिलंय, भाभी."

सातच्या सात ओळी मी या हातानं काढल्या होत्या. मी खोटं बोला म्हटल्यावर जो माणूस माझ्यावर भडकला, त्यानं सनद नाही हे खरं सांगितलं आणि मग उभं राहून, काठी टेकून, दोनदा, माझ्यासमोर खोटं वाचलं. साठ वर्षांत एकदा. आणि मला सांगितलं नाही, कारण मी ते पोटात ठेवलं नसतं, हेही त्यांना माहीत होतं.

"मला आधी राग आला," भाचा म्हणाला. "फ्रेमच्या दुकानातून निघालो तो बाबूजींकडेच यायला. मग तळ्यापाशी थांबलो. विचार केला, या माणसानं सगळ्या भोपाळचे कागद वाचले, कुणासाठी एक अक्षर फिरवलं नाही. माझ्या फूफीसाठी फिरवलं. त्याची ती कोण? मी तर तिचा सख्खा भाचा. मग घरी गेलो आणि कागद तिच्या पलंगावर टांगला." मग म्हणाला, "घर विकणारच नाही असं नाही. फूफी आहे तोवर नाही."

पुढच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच त्या घरी गेले. खोली खरंच लहान. खिडकीत ऊन होतं, खाली पाणी. पलंगाच्या वर फ्रेम, चांगली सोनेरी काठाची. फूफींनी मला जवळ बसवलं, मामंजींसाठी दुवा मागितली. "फरिश्ता आदमी थे. जो लिखा था, वही पढ़ा," म्हणाल्या. मग उशाखालून एक वही काढली. पानंच्या पानं भरली होती, दोन वर्षांची, पेन्सिलीनं, आधी थरथरतं आणि मग हळूहळू स्थिर होत गेलेलं, एकच एक नाव.

शेवटच्या पानावर त्यांनी माझ्यासमोर आणखी एकदा काढलं. जीभ दातात धरून, लहान मुलीनं काढावं तसं. वही माझ्यापुढे केली आणि विचारलं, "देख तो बेटी, अम्मी का नाम ठीक आया?"

वळण बघितलं. काठी, कोयता, गोल. पोटाखाली तीन ठिपके होते, मी मोजले.

"अगदी बरोबर आलंय, फूफी," मी सांगितलं.